तत्त्वज्ञानाच्या वर्गातून पेढीकडे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या कुशीत, विल्यम्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १७९३ साली स्थापन झालेले विल्यम्स कॉलेज आहे. विद्यार्थिसंख्या सुमारे दोन हजार. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, खगोलशास्त्र, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जातात. वाणिज्याची पदवी मात्र मिळत नाही. असे असूनही दरवर्षी तेथील पदवीधरांपैकी पुष्कळजण न्यू यॉर्कच्या मोठमोठ्या पेढ्यांची वाट धरतात.

मराठी माणसाला हे कॉलेज अगदीच परके म्हणता येणार नाही. तेथून १८०८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला गॉर्डन हॉल हा तरुण १८१३ साली मुंबईस उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्या मिशनच्या छापखान्याने मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात जी कामगिरी केली ती सर्वश्रुत आहे. त्या काळी या कॉलेजातून धर्मोपदेशक निघत. आता भांडवलाच्या बाजारातील विश्लेषक निघतात. काळाचा महिमा, दुसरे काय!

अशा महाविद्यालयांना तिकडे ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणतात. १८२१चे अ‍ॅमहर्स्ट, क्वेकरपंथीयांनी १८६४ साली काढलेले स्वार्थमोर, आयोवाच्या मक्याच्या प्रदेशातील ग्रिनेल ही त्याच कुळातील. वर्ग लहान, प्राध्यापकाचे दार सदैव उघडे, आणि मुख्य विषय कोणता घ्यावयाचा हे ठरविण्यास दोन वर्षांची मुभा. विद्यार्थ्याने एखादा धंदा शिकावा यापेक्षा त्याने वाचावे, लिहावे, प्रश्न विचारावेत, हा या शिक्षणाचा हेतू. ‘शिकून पुढे करणार काय?’ हा बापाचा प्रश्न तिकडेही ऐकू येतो. आणि वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे गेल्यावर तो प्रश्न गैर आहे असे कोण म्हणेल?

या प्रश्नाला उत्तर म्हणून काही नावे नेहमी पुढे केली जातात. कर्ज काढून संपूर्ण कंपन्या विकत घेण्याच्या व्यवहारात जिचा दबदबा आहे ती कोलबर्ग क्रॅव्हिस रॉबर्ट्स ही पेढी १९७६ साली निघाली. तिचे तिन्ही संस्थापक लहान महाविद्यालयांचे विद्यार्थी. जेरोम कोलबर्ग स्वार्थमोरचे. हेन्री क्रॅव्हिस आणि त्यांचे आतेमामेभाऊ म्हणावेत अशा नात्यातील जॉर्ज रॉबर्ट्स हे दोघे कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँटचे. १९८८-८९मध्ये या पेढीने आरजेआर नॅबिस्को ही कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरांना घेतली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. तत्पूर्वीच, १९८७ साली, मतभेदांमुळे कोलबर्ग बाहेर पडले होते. मात्र ही कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते: या तिघांनीही पदवीनंतर कायद्याचे वा व्यवस्थापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते.

बिल मिलर यांची हकीकत निराळी आणि अधिक उद्बोधक आहे. व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली येथून १९७२ साली पदवी घेतल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटचा अभ्यास केला. तो अपुरा राहिला आणि ते गुंतवणुकीच्या व्यवसायात शिरले. १९९१ ते २००५ अशी सलग पंधरा वर्षे त्यांच्या निधीने बाजाराच्या निर्देशांकावर मात केली. २०१८ साली त्यांनी त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागास साडेसात कोटी डॉलर दिले. परंतु २००८च्या पडझडीत त्यांच्या निधीचे निम्म्याहून अधिक मूल्य नाहीसे झाले, हेही सांगितले पाहिजे. तत्त्वज्ञानाने विचाराला धार येते. बाजार कोसळताना ते ढाल होतेच असे नाही.

मराठी श्रोत्यांना अशा प्रवासाचे नवल वाटू नये. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले, संस्कृतात ते पारंगत होते, त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. आणि १९४३ साली तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

परंतु सांगितली जाणारी उदाहरणे विजेत्यांचीच असतात. आज एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाला पेढीत शिरावयाचे असेल, तर दार कसे उघडते हे पाहणे अधिक उपयोगाचे. मोठ्या पेढ्या आपल्या कायम नोकरांची निवड बहुतांशी उन्हाळी उमेदवारीतून करतात. ही उमेदवारी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत, सुमारे दहा आठवड्यांची असते. मुलाखतीत विचारतात ते ठरीव प्रश्न: घसारा दहा डॉलरांनी वाढला तर नफातोटा पत्रकात, ताळेबंदात आणि रोखीच्या पत्रकात काय फरक पडेल? नफा घटतो, पण घसाऱ्यापायी पैसा बाहेर जात नाही आणि कर कमी भरावा लागतो, म्हणून हातातील रोकड उलट वाढते. होमर वाचणाऱ्या मुलाला हे उमगणे अवघड नाही. मात्र त्याला ते कोणी वर्गात शिकवीत नाही. रात्री जागून, मित्रमंडळात बसून, स्वतःच शिकावे लागते.

याहून मोठी अडचण ओळखीची. बँकांचे अधिकारी मोठ्या विद्यापीठांत स्वतः जातात, आडगावच्या कॉलेजात क्वचितच. तेथे माजी विद्यार्थी कामी येतात. दोन हजारांच्या कॉलेजातला तीस वर्षांपूर्वीचा पदवीधर अनोळखी मुलाच्या पत्राला उत्तर देतो, वीस मिनिटे फोनवर बोलतो, कागद योग्य हाती पोचवितो. ज्या कॉलेजचे असे माजी विद्यार्थी वॉल स्ट्रीटवर पुष्कळ, त्याचे दार रुंद; ज्याचे थोडे, त्याच्या मुलाला तीच गुणवत्ता असून चौपट खटपट करावी लागते. समान संधीच्या गोष्टी येथे थोड्या जपूनच कराव्यात.

त्यातच अलीकडे या निवडीचा हंगाम मागे सरकत गेला आहे. तिसऱ्या वर्षानंतरच्या उमेदवारीसाठी मुलाखती दुसऱ्या वर्षीच होऊ लागल्या आहेत. म्हणजे, ज्या सत्रात मुख्य विषय ठरवावयाचा त्याच सत्रात आयुष्याचा व्यवसायही ठरवावयाचा! चार वर्षे मोकळेपणाने शिकण्यासाठी जो आला, त्याचा मोकळेपणा दीड वर्षात आटोपतो. गायनाचा वा ग्रीकचा वर्ग घ्यावा असे मनात असलेला मुलगा ‘कागदावर बरे दिसते’ म्हणून अर्थशास्त्र घेतो.

परदेशी विद्यार्थ्याला, म्हणजे पुण्या-नागपुराहून किंवा इंदूर-बडोद्याहून गेलेल्या मराठी मुलालाही, आणखी एक गणित मांडावे लागते. पदवीनंतर अमेरिकेत काम करण्यास सामान्यतः एक वर्षाची परवानगी असे; विज्ञान-गणिताच्या पदवीधरांस त्यावर आणखी दोन वर्षे. या नियमाकडे पाहून कित्येक कॉलेजांनी आपल्या अर्थशास्त्राची नोंद गणिती विषयांत करून घेतली. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला ही सवलत नव्हती.

महाविद्यालयांच्या मनातही या प्रश्नाविषयी द्वंद्व आहे. २००७ साली क्लेअरमाँट मॅकेना कॉलेजला त्याचे माजी विद्यार्थी, गुंतवणूकदार रॉबर्ट डे यांनी वीस कोटी डॉलरांची देणगी दिली. तीतून अर्थशास्त्र आणि वित्तव्यवहार यांचे स्वतंत्र विद्यालय निघावयाचे होते. इतकी मोठी देणगी कोणाला नको असेल? परंतु साहित्याच्या प्राध्यापकांनी लेखी चिंता व्यक्त केली, की अशाने कॉलेजचे रूपांतर एका धंद्याच्या शाळेत होईल. विद्यालय निघाले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार होते असे मात्र म्हणवत नाही.

दार उघडल्यावर आत काय असते? पहिल्याच वर्षी एक लाख डॉलरांहून अधिक पगार, हे खरे. २०२१ साली न्यू यॉर्कच्या एका विख्यात बँकेतील तेरा नवख्या विश्लेषकांनी आपल्या कामाचे तास मोजले, तेव्हा आठवड्याची सरासरी ९५ तास भरली. दोन वर्षे असे राबून बरेचजण दुसऱ्या पेढीत जातात, काही व्यवस्थापनाच्या शाळेत. आणि काही थोडे, खिशात साठलेले पैसे घेऊन, दुसऱ्या वर्षी अर्धवट सोडलेल्या विषयाकडे परत वळतात.