स्वमग्न मुलांची शाळा कोणती?

(बीड जिल्ह्यातील शिक्षक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या सभेत एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



माहिती खात्यातील माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो आता योजनांची यादी वाचणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीचीही नसते. गेल्या वीस वर्षांत मी अशा कितीतरी याद्या लिहिल्या आणि वाचल्या. दिव्यांगांसाठीच्या सवलतींची पत्रकेही त्यात होती. परंतु ज्या मुलाला त्या पत्रकांची सर्वांत अधिक गरज होती, तो माझ्याच घरात वावरत होता आणि मला तो ओळखता आला नाही, ही कबुली आज आपणापुढे देणे मला आवश्यक वाटते.

तो माझ्या बहिणीचा मुलगा. आज तो सोळा वर्षांचा आहे. बोलू लागण्यास त्याला उशीर झाला. हाक मारली तर तो वळून पाहत नसे, म्हणून त्याचे कान तपासले. ते उत्तम होते. आजी म्हणे, मुलगे उशिराच बोलतात. शेजारी म्हणत, आईने ग्रहण पाळले नसेल. मी म्हणत असे, शाळेत गेला की सुधारेल. आम्हा तिघांचेही अंदाज चुकले.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले इतरांत मिसळत नसत, ठरलेल्या क्रमात किंचितही बदल झाला तर अतिशय अस्वस्थ होत आणि ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारीत. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पर्गर यांनीही अशाच प्रकारच्या मुलांचे वर्णन केले. आपण ज्याला आज स्वमग्नता म्हणतो, तिच्या अभ्यासाचा हा आरंभ होय.

त्यानंतर काही वर्षे पाश्चात्त्य जगातील तज्ज्ञांनीही आईच्या थंड वागणुकीमुळे मूल असे होते, असे मानले आणि असंख्य मातांना दोषी ठरविले. तो सिद्धान्त चुकीचा होता, हे पुढे सिद्ध झाले. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. ती संगोपनातील उणिवेमुळे येत नाही, ग्रहणामुळे येत नाही, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याने जातही नाही. तिचे स्वरूपही प्रत्येकात सारखे नसते. कोणी मूल मुळीच बोलत नाही, तर कोणी अखंड बोलते. कोणाला अक्षरओळख कठीण जाते, तर कोणी वर्गाच्या पुढे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडील अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. तेच प्रमाण येथे लावले तर ही संख्या वीस हजारांच्या घरात जाते. हा हिशेब ढोबळ आहे, हे मी जाणतो. परंतु आपल्या शाळांच्या नोंदवहीत अशी किती नावे आहेत, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. उरलेली मुले 'हट्टी', 'वेडसर', 'मुकी' किंवा 'अभ्यासात मागे' या नावांखाली आपल्यासमोरच बसलेली असतात.

पहिली शाळा

माझ्या भाच्याची पहिली शाळा तालुक्याच्या गावची, नामांकित आणि शिस्तीची. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपक सुरू झाला की तो दोन्ही कान झाकून खाली बसे. गणवेशाच्या सदऱ्याच्या गळपट्टीवरची चिठ्ठी त्याला टोचे, म्हणून तो सदरा काढून टाकी. शिक्षकांना हा उद्धटपणा वाटला.

चौथीत असताना एके दिवशी गुरुजी म्हणाले, "पुस्तकात डोके घाल." त्याने पुस्तक उघडले आणि त्यावर कपाळ टेकवून तो बसला. वर्ग हसला. गुरुजींना वाटले, हा आपली टिंगल करतो आहे. त्या दिवशी त्याला छडीचा मार बसला. घरी आल्यावर तो एकच वाक्य पुन:पुन्हा म्हणत राहिला, "मी डोके घातले होते." त्याने आज्ञा तंतोतंत पाळली होती. त्या वाक्याचा अर्थ आम्हांला कळण्यास तीन वर्षे लागली. पुढे 'इतर पालकांच्या तक्रारी आहेत' असे सांगून शाळेने दाखला हाती ठेवला.

दुसरी शाळा

त्यानंतर त्याला मतिमंद मुलांच्या एका निवासी शाळेत घातले. तेथील माणसे प्रेमळ होती. कपडे घालणे, ताट धुणे, रांगेत उभे राहणे या गोष्टी तो तेथे शिकला, आणि त्याबद्दल माझी बहीण आजही त्या शाळेचे उपकार मानते. विशेष शाळांनी या राज्यात केलेले कार्य लहान नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्याची कामायनी १९६४ पासून आणि नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून, समाज अशा मुलांकडे पाठ फिरवून उभा असताना, त्यांना शिकवीत आली आहे.

परंतु मतिमंदता आणि स्वमग्नता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या काही मुलांत एकत्र आढळतात, तर काहींत नाही. माझ्या भाच्याला दोन अंकी गुणाकार तोंडी येत असे. दोन वर्षे तो तेथे मणी ओवीत राहिला. त्याला काय येते, हे कोणी विचारले नाही, कारण काय येत नाही याची नोंद आधीच झाली होती. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने पंचक्रोशीतील गावांचे आठवडी बाजार वारांप्रमाणे लिहून काढले. प्रत्येक स्वमग्न मुलात अशी काही अलौकिक स्मरणशक्ती दडलेली असते, असा समज करून घेऊ नये; बहुतेकांत ती नसते. परंतु प्रत्येकात शिकण्याजोगे काहीतरी असते, आणि ते शोधणे हे शाळेचे काम आहे.

तिसरी शाळा

एक वर्ष तो घरीच होता. नंतर गावच्या जिल्हा परिषद प्रशालेत त्याला सातवीत प्रवेश मिळाला. तेथील वर्गशिक्षिकेने स्वमग्नता हा शब्दही पूर्वी ऐकला नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बहिणीला विचारले, "ताई, याला कशाचा त्रास होतो, तेवढे मला सांगा." पहिल्या दोन शाळांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्यांनी काय केले? त्याची जागा दाराजवळ, भिंतीकडेला, कायमची ठरवून दिली. दिवसभराच्या तासिका चित्रांसह एका पुठ्ठ्यावर काढून दिल्या. घंटा होण्यापूर्वी त्याला खूण करण्याचे काम एका वर्गमित्राकडे सोपविले. सूचना लहान आणि सरळ शब्दांत देऊ लागल्या. यासाठी शासनाचा एक पैसाही खर्च झाला नाही.

तरीही हे चित्र मी गुलाबी रंगात रंगविणार नाही. बालपणी जे मित्र त्याच्याशी खेळत, ते नववीत गेल्यावर आपापल्या घोळक्यात रमले. कोणी त्याला अर्वाच्य शब्द उच्चारायला लावून भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण केले. अंगाने तो वाढला, पण किती अंतरावर उभे राहून बोलावे हे त्याला उमजत नव्हते. एका मुलीच्या पालकांनी तक्रार केली. तेव्हाही त्या शिक्षिकेने त्याला शाळेतून काढले नाही. "समोरच्या माणसापासून एक हात अंतर" असा नियम त्यांनी त्याला शिकविला, प्रत्यक्ष हात लांब करून मोजायला लावला, आणि वर्गालाही चार गोष्टी समजावून सांगितल्या. हे वय सर्वांनाच अवघड असते. ज्याला न सांगितलेले नियम समजत नाहीत, त्याला ते नियम सांगावे लागतात.

मी एकदा त्याला विचारले, "शाळा कशी आहे?" तो म्हणाला, "शाळा चांगली आहे. मधली सुट्टी वाईट आहे." इतर मुले ज्या घंटेची वाट पाहतात, तिची त्याला धास्ती वाटते. तासिकेत काय करायचे ते ठरलेले असते. मधल्या सुट्टीत काहीच ठरलेले नसते. आता त्या वेळेत तो ग्रंथालयातील पुस्तके क्रमवार लावतो.

अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांची हकिकत येथे आठवते. त्यांचा जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. चिडविणाऱ्या मुलीवर पुस्तक फेकले म्हणून किशोरवयात त्यांना एका मोठ्या शाळेतून काढून टाकण्यात आले. नंतरच्या लहान निवासी शाळेत विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञान शिक्षकाने त्यांच्या जनावरांविषयीच्या वेडाची चेष्टा न करता त्याला अभ्यासाचे वळण दिले. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या आणि गुरांना भीती वाटू नये अशा गोठ्यांच्या व मार्गिकांच्या रचनेसाठी जगभर ओळखल्या जाऊ लागल्या.

फडावर गेलेली मुलगी

माझ्या भाच्याला निदान तीन शाळा तरी मिळाल्या. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवर मला तेरा वर्षांची एक मुलगी भेटली. तिचे आईवडील ऊसतोड कामगार. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत पडते आणि चैत्राच्या आसपास परत येते. पालक फडावर असताना मुलांचे शिक्षण गावातच चालावे म्हणून आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. तिची भावंडे तेथे राहिली. तिला मात्र ठेवून घ्यायला कोणी तयार झाले नाही, कारण ती बोलत नाही, अनोळखी हाताचे जेवत नाही आणि रात्री उठून चालू लागते.

म्हणून ती दरवर्षी आईबरोबर जाते. ज्या मुलीला तिची वाटी बदललेली सोसत नाही, तिचे घर, पाणी, झोपेची जागा दर हंगामात बदलते. पहाटे आई तोडीला जाते तेव्हा तिला कोपीच्या खांबाला ओढणीने बांधून जाते. हे सांगताना ती माउली रडली नाही, तिने मलाच विचारले, "साहेब, दुसरं काय करू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या मुलीचे दिव्यांग प्रमाणपत्रही नव्हते. तपासणीचे शिबिर झाले, तेव्हा कुटुंब कारखान्यावर होते.

कायदा काय सांगतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्पष्ट स्थान दिले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. आणि ते परिसरातील शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आहे. मुख्याध्यापकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. 'आमच्याकडे सोय नाही' हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधिष्ठित शिक्षणाचा मार्गही खुला आहे. मात्र तो पालकांनी निवडावयाचा आहे, शाळेने सुचवून मोकळे व्हावयाचा नाही.

शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, विषयांची सवलत अशा सोयी मिळतात. ज्यांना नेहमीची परीक्षा झेपत नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे. परीक्षेतील सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्वमग्नतेच्या मोजमापासाठी भारतीय मापनश्रेणी २०१६ पासून अधिकृत आहे.

आपण काय करू शकतो

शिक्षकांना माझी विनंती अशी की, शिक्षा करण्यापूर्वी मुलाला आज्ञा कशी समजली ते पाहावे, आणि पालकांना तो एक प्रश्न विचारावा. शंका वाटल्यास तालुक्यातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवावे.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो वर्षअखेरीस घाईने वस्तुवाटपात संपविण्याऐवजी, त्यातून हंगामी वसतिगृहात अशा एखाद्या मुलासाठी गावातील ओळखीच्या बाईची मदत मिळू शकेल काय, याचा ग्रामसभेत विचार व्हावा.

आणि आम्हा अधिकाऱ्यांसाठी एक गोष्ट. या जिल्ह्यात तपासणीची शिबिरे टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यातच झाली पाहिजेत. दिवाळीनंतर भरविलेल्या शिबिरात जी मुले येत नाहीत, तीच बहुधा सर्वांत गरजू असतात.

स्वमग्न मुलांची शाळा कोणती, असा प्रश्न मी आरंभी केला. माझ्या भाच्याच्या तीन शाळांपैकी सर्वांत साधी इमारत तिसरीची होती. तिच्या दारावर 'विशेष' अशी पाटी नव्हती. पण तेथे त्याच्यासाठी एक जागा ठरलेली होती आणि ती रोज राखून ठेवली जात होती. यंदाच्या दसऱ्यापूर्वी डोंगरपट्ट्यातील त्या मुलीसाठी तिच्या गावात अशी एक जागा राखून ठेवता आली, तर आजची ही सभा कारणी लागली, असे मी समजेन.