कॅमेऱ्याआधी नमस्कार

आषाढी वारीत छायाचित्रे टिपू पाहणाऱ्या नवोदिताचा हात अनोळखी चेहऱ्यासमोर थबकतो. या संकोचात समोरच्याच्या मानाची जाण आहे. तो पुरता जाऊही नये. दूरच्या भिंगाआड लपून मात्र धीर येत नाही. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर दिवे घाटाची चढण चालावी, ‘माउली’ म्हणून हात जोडावेत, मग नजरेनेच अनुमती घ्यावी. वारीत सारेच एकमेकांना माउली म्हणतात. तिथे परका कोण? रिंगणात अश्व धावू लागला की विचारायला उसंत नसते, हे खरे. परंतु चंद्रभागेत स्नान करणाऱ्या माता-भगिनींवर कॅमेरा रोखण्याला धैर्य म्हणता येत नाही. टिपलेले चित्र दाखवल्यावर एखादा सुरकुतलेला चेहरा हसला, की पुढच्या माउलीपाशी पाऊल आपोआप वळते.