तारीख वाचताना

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी चहाच्या वेळी तुम्ही विचारलंत, हल्ली काय करतोस? म्हटलं, कॉम्प्युटरला तारखा वाचायला शिकवतो. सगळे हसलात. तिसरीतलं पोर वाचतं, ते यंत्राला काय शिकवायचं?

ऐका तर. पोलिश भाषेत 'लिस्तोपाद' म्हणजे नोव्हेंबर. क्रोएशियन भाषेत हाच शब्द ऑक्टोबरसाठी. पानगळ एकच, महिने दोन! थायलंडमधलं बौद्ध साल आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. आणि आपली मराठी? 'परवा आलो' आणि 'परवा येईन'. क्रियापद पाहिल्याशिवाय परवा मागचा की पुढचा, कळत नाही. म्हणून प्रोग्रॅमने आधी भाषा ओळखायची, मग तिच्या महिन्यांची नावं जुळवायची. देवनागरी अंकांचा मात्र त्रास नाही. पायथनला '१२' दिलं की ती बारा समजते.

खरा घोळ नुसत्या आकड्यांचा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. दिवस १२ च्या पुढचा असला की चूक पकडता येते. पण वर्षातल्या १३२ तारखा उलट वाचल्या तरी बरोबरच दिसतात.

मी तिथेच फसलो. एका कार्यालयाच्या जुन्या नोंदी संगणकावर घ्यायच्या होत्या. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. तिथल्या एका शिपाईकाकांचीही तीच, ०१/०६. मी वापरलेलं तयार साधन वेगळं सांगितलं नाही तर महिना आधी धरतं, आणि मी सांगायला विसरलो. त्याने ६ जानेवारी वाचली. निवृत्तीच्या यादीत काकांचं नाव जवळजवळ पाच महिने आधी लागलं. प्रोग्रॅम कुठे अडला नाही, चुकीची सूचना आली नाही. काका स्वतः सेवापुस्तक घेऊन आले, तेव्हा कळलं. पाच महिन्यांचा पगार त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्या दिवसापासून नियम केला. तारीख दोन्हीकडून लागत असेल तर अंदाज करायचा नाही. नोंद बाजूला ठेवायची आणि माणसाला विचारायचं. काम हळू होतं, होऊ दे.

बाई, तुम्ही म्हणायचात, उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नकोस, हात वर कर. मला तेव्हा कधी जमलं नाही. माझा प्रोग्रॅम आता तेवढं करतो.