पुतळीमाळ आणि ‘अँटिक’ दागिना



सराफकट्ट्यावर ‘अँटिक’ हा शब्द अलीकडे फार प्रतिष्ठा पावला आहे. मंद, किंचित काळसर झाक असलेला दागिना पाहिला की तो पेशवाईतील असावा असे वाटते. वस्तुतः बहुतेक वेळा तो नवाच असतो. सोन्याची चकाकी रसायनाने मारतात, खोलगट भागांत काळेपणा राखतात आणि उंचवटे तेवढे उजळतात. यात फसवणूक नाही. कारागिराचे ते कसबच आहे. चिंता आहे ती निराळी. हा नवा ‘जुना’ दागिना घेण्यासाठी आजेसासूची खरीखुरी पुतळीमाळ मोडीत दिली जाते!

त्या पुतळीचे मूळ थेट व्हेनिसमध्ये आहे. तेथे १२८४ पासून डुकाट हे सोन्याचे नाणे पाडले जाऊ लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत त्या कसात फारसा फरक पडला नाही. मिरी-मसाला व कापड यांच्या मोबदल्यात ही नाणी हिंदुस्थानात आली. त्यांवर संत मार्क आणि गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, मध्ये ध्वजदंड, असे चित्र असे. आपल्याकडे त्या मानवाकृतींवरून नाण्याला ‘पुतळी’ म्हणू लागले. पुढे सोनारांनी तशाच पातळ चकत्या ठोकल्या, त्यांवर लक्ष्मीही आली. परदेशी संताची जागा लक्ष्मीने घ्यावी आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये, ही मौजच आहे.

बोरमाळेचे गणित वेगळे. तिचे मणी पुष्कळदा पोकळ असून आत लाख भरलेली असते. मोड करताना ते वजन वजा होते. जुन्या डाखामुळे वितळलेल्या सोन्याचा कसही अपेक्षेपेक्षा उतरतो. शिवाय नव्या दागिन्याची घडणावळ आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर वेगळाच. म्हणजे पदरचे पैसे भरून जुने गमवायचे.

हॉलमार्क नाही म्हणून जुना दागिना हलका, हाही समज चुकीचा आहे. सक्तीचे हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आजीच्या काळात ते कोठून असणार? कस यंत्रावर तपासता येतो. कायद्याच्या दृष्टीनेही नुसती झाक पुरेशी नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात सामान्यतः किमान शंभर वर्षांची वस्तू अभिप्रेत आहे आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी निर्यात करता येत नाही. परदेशी स्थायिक लेकीला माळ पाठवू पाहणाऱ्या कुटुंबांनी हे आधी पाहावे.

माळेचा दोरा कुजला असेल तर ती पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेता येते. देण्यापूर्वी पुतळ्या मोजाव्यात, वजन लिहून ठेवावे आणि प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. एखादी व्हेनिसचीच निघायची.