पोलिसांना जाब कोण विचारणार?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा शिकलो तो मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा पंडिती थाटाचे व्याख्यान माझ्याकडून होणार नाही; एका खटल्याची हकीकत तेवढी सांगतो. पोलिसांना बांधणारे कायदे कसे बदलतात, ते तीत दिसते.

26 मार्च 1972. आपल्या मंडणगडापासून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, देसाईगंजचे पोलीस ठाणे. भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी एका कोवळ्या आदिवासी मजूर मुलीला रात्री तेथे नेले. नातेवाईक बाहेर, ती आत. अत्याचाराचा आरोप दोघा पोलिसांवर आला. खालच्या कोर्टाने त्यांना सोडले, नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही. अर्थात तिची संमती होती!

मुकादमापुढे कोऱ्या कागदावर निमूटपणे अंगठा उठवणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या ओरडत नाहीत, म्हणून राजी असतात काय? आणि ठाण्यातच ओरडायचे, तर हाक कोणाला मारायची?

हेच 1979 च्या सप्टेंबरात चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्राने विचारले. दिल्लीचे उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार, पुण्याचे रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार. मुकाट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांचे म्हणणे. नुसते पत्र दप्तरी पडले असते. पण 1980 साली मुंबई-दिल्लीच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि 'माझी संमती नव्हती' असे ती म्हणाली, की कोर्टाने तसेच धरून चालावे, असे ठरले. सरकारला हे आपणहून सुचलेले नाही. अकरा वर्षे गेली, आणि सुटलेले दोघे सुटलेच.

पुढे 2006 साली सुप्रीम कोर्टाने राज्यांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावयास सांगितले. आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात ती तरतूद यायला 2014 उजाडले. आठ वर्षे! कोणी मोर्चा काढला नाही, हेही खरे.

मागे एका ठाण्यात आमच्या मजुराची फिर्याद घेईनात. मी म्हटले, "साहेब, घेत नाही, एवढे लिहून द्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग रजिस्टर ओढले. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, हे त्या मजुराला ठाऊक नव्हते. ती मागून घेतल्याशिवाय आम्ही तेथून उठलो नाही.