बहिऱ्या मुलाची पहिली भाषा

श्रोतेहो, कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं, की घरची आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला. बोलेल हळूहळू." आजीची माया खोटी नव्हे. पण मुलाला ऐकूच येत नसेल, तर या वाट पाहण्यात त्याचं फार नुकसान होतं.

डॉ. मदन वसिष्ठ हे हिमाचलातील गगरेट गावचे. अकराव्या वर्षी आजारपणात त्यांचे कान गेले. पुढं त्यांनी गुरं राखली, शेती केली. विशीत दिल्लीला छायाचित्रण शिकायला गेले. तिथं कर्णबधिरांच्या संगतीत हातांची भाषा शिकले. १९६७ साली ते अमेरिकेतील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात दाखल झाले, आणि कालांतरानं तिथंच प्राध्यापक झाले. १९७७च्या सुमारास भारतात येऊन त्यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील बधिरांच्या खुणा टिपल्या. बोलीभाषा चार मुलखांच्या चार, पण हातांची भाषा पुष्कळशी एकच, आणि तिला स्वतःचं व्याकरण! आपण मात्र तिला 'हातवारे' म्हणून हिणवीत आलो.

आता नीट ध्यान द्या. वसिष्ठांचे कान गेले तेव्हा अकरा वर्षं ऐकलेली भाषा त्यांच्या गाठीला होती. जन्मतः बहिऱ्या मुलाला ती पुंजी कुठली? त्याचा घसा शाबूत असतो, म्हणून त्याला मुका म्हणणंही चूकच. भाषा रुजण्याचा काळ म्हणजे पहिली काही वर्षं. लावणीची वेळ टळल्यावर पाऊस पडून काय उपयोग? भाषा कानानं येवो की डोळ्यांनी, मेंदूला दोन्ही चालतात. खुणा शिकल्यानं मूल बोलायचं राहतं, ही भीती निराधार आहे.

तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनो, गुरुजींनो, शंका आली तर मुलाच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही अशी थाळी वाजवून पाहा. थाळीला वळून पाहिलं तरी शंका असेल तर तपासणी करा. काहींना मोठा आवाज कळतो, बोलणं कळत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कर्जत लोकलनं दादर, तिथून गाडी बदलून वांद्रे. एका दिवसात जाऊन येता येतं.

तोवर घरी हात बांधून बसू नका. मुलाच्या समोर बसा, पाण्याला, भाकरीला, गाईला एकेक खूण ठरवा आणि ती सगळ्यांनी वापरा. आजीलाही शिकवा, दिवसभर मूल तिच्याच तर मांडीवर असतं.