मासा, धरण आणि ४२ सेकंद



सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या कामांवर लोकप्रतिनिधींची नजर किती आणि कशी असावी, हा विषय अंदाजपत्रकाच्या दिवसांत निघतो आणि अधिवेशन संपलं की मागे पडतो. वन्यजीव संरक्षणाचा कायदा तर आपण वेगळाच विषय मानतो, जंगल खात्याचा. हे दोन्ही विषय एकदा एकाच धरणाच्या भिंतीवर समोरासमोर आले. आज बोलायचं आहे ते त्या धरणाबद्दल. धरण अमेरिकेतलं आहे, टेनेसी राज्यातलं.

टेनेसी व्हॅली अथॉरिटी ही तिथली सरकारी संस्था. १९३३ साली, मंदीच्या काळात तिची स्थापना झाली. आपलं दामोदर खोरे महामंडळ तिच्याच धर्तीवर उभं राहिलं, म्हणजे आपलंही तिच्याशी थोडं नातं आहे. या संस्थेने गरीब खोऱ्यांत वीज नेली, पूर आवरले. पण १९६०च्या दशकापर्यंत धरणं बांधण्यासारख्या बहुतेक जागा संपल्या होत्या. तेव्हा लिटल टेनेसी नावाच्या नदीवर टेलिको हे धरण ठरलं. १९६७ साली काम सुरू झालं.

या धरणाचे फायदे कसे मोजले होते, ते जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. धरणात वीज तयार करणारं एकही जनित्र नव्हतं. पाणी कालव्याने शेजारच्या फोर्ट लाउडन धरणाकडे वळवायचं, तिथे थोडी जास्त वीज मिळेल, एवढंच. कागदावरच्या फायद्याचा मोठा भाग होता तो तलावकाठच्या जमिनींच्या वाढत्या किमतीचा, नौकाविहाराला येणाऱ्या पर्यटकांचा आणि काठावर वसणाऱ्या एका नव्या औद्योगिक शहराचा. शहर उभारण्यात बोइंग कंपनी भागीदार होणार होती. १९७५ साली बोइंगने अंग काढून घेतलं आणि ते शहर कागदावरच राहिलं. जमीन मात्र घेऊन झाली होती. सुमारे ३८ हजार एकर घेतली, त्यातली निम्मीसुद्धा पाण्याखाली जाणार नव्हती. उरलेली होती ती पिढ्यान्‌पिढ्या कसलेली सुपीक शेती, आणि ती पुढे विकासकांच्या हाती जायची होती. चेरोकी या मूळ रहिवाशांची जुनी गावं याच खोऱ्यात होती. त्यांतल्या तानासी या गावावरूनच राज्याला टेनेसी हे नाव मिळालं. तीही जागा बुडणार होती.

शेतकरी, चेरोकी, नदीवर मासेमारी करणारे, सगळे विरोध करत होते. हिशेब पुन्हा तपासा, असं सांगत होते. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, दरवर्षी निधी मंजूर करत राहिली.

१९७३च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञांना या नदीच्या उथळ, खळाळत्या पाण्यात बोटभर लांबीचा एक मासा दिसला. गोगलगायी खाणारा, म्हणून त्याचं नाव पडलं स्नेल डार्टर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत नष्टप्राय प्रजातींच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोणत्याही सरकारी कामामुळे अशा प्रजातीचं अस्तित्व धोक्यात येता कामा नये, असं त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं. १९७५ साली हा मासा संरक्षित यादीत आला आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

१९७८च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला: धरण पुरं करता येणार नाही. तोवर भिंत जवळपास उभी होती. निकालपत्रातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सरकारचं म्हणणं होतं की मासा यादीत आल्यावरही काँग्रेसने धरणाला पैसे दिले, तेव्हा या धरणाला सूट मिळाली असंच समजा. न्यायालयाने ते नाकारलं. निधी मंजूर केल्याने मूळ कायदा गुपचूप रद्द होत नाही, आणि निधीच्या विधेयकातून कायदे बदलू नयेत हा तर सभागृहांचा स्वतःचाच नियम आहे, असं न्यायाधीशांनी दाखवून दिलं.

वर्तमानपत्रांनी याची बातमी केली ती चिमुकला मासा विरुद्ध अवाढव्य धरण अशी. शेती गेली, हिशेब गेला, मासा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. माझ्या मते या प्रकरणातलं खरं नुकसान इथे सुरू झालं.

मग काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली. टेनेसीचेच सिनेटर हॉवर्ड बेकर त्यात पुढे होते. सूट द्यायची की नाही हे ठरवायला सात जणांची उच्चाधिकार समिती नेमली. त्यात मंत्री होते, पर्यावरण संस्थेचे प्रमुख होते, राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स शुल्ट्झ होते. ही समिती धरणाला वाट मोकळी करून देणार, असंच बहुतेकांना वाटलं होतं. २३ जानेवारी १९७९ रोजी समिती बसली आणि तिने एकमताने सूट नाकारली. माशाची कीव येऊन नव्हे. शुल्ट्झ यांनी हिशेब मांडला: काम ९५ टक्के झालं आहे, झालेला सगळा खर्च सोडून द्या, फक्त उरलेल्या कामाचा खर्च घ्या आणि समोर सगळे फायदे ठेवा, तरीही हे धरण परवडत नाही.

शेतकरी दहा वर्षं जे सांगत होते ते अखेर सरकारी दप्तरात नोंदलं गेलं. ते एका माशामुळे. तपासणीची बाकी सगळी दारं बंद असताना प्राण्यांच्या कायद्याने एक दार उघडून दिलं.

पुढे जे घडलं त्याचा मला आजही राग येतो. १९७९च्या जूनमध्ये, प्रतिनिधिगृहात फार थोडे सदस्य हजर असताना, ऊर्जा आणि जलप्रकल्पांच्या निधीविधेयकाला एक दुरुस्ती जोडली गेली. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी टेलिको पुरं करा, अशी. ती वाचूनही दाखवली नाही. या सगळ्याला ४२ सेकंद लागले, असं सांगतात. सिनेटने जुलैत ही दुरुस्ती फेटाळली, सप्टेंबरमध्ये मात्र ४८ विरुद्ध ४४ मतांनी स्वीकारली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी खेद व्यक्त करत सही केली. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी धरणाची दारं बंद झाली आणि खोऱ्यात पाणी चढू लागलं.

न्यायालयाने ज्या नियमाची आठवण करून दिली होती, तोच नियम मोडून हे झालं. भर सभागृहात, खुल्या चर्चेत काँग्रेसने म्हटलं असतं की आम्हाला हे धरण हवंच आहे, तर ते चुकीचं ठरलं असतं, तरी प्रामाणिक ठरलं असतं.

आपल्याकडे वाट निराळी आहे, पण धोका ओळखीचा आहे. लोकसभेत ठरलेली वेळ संपली की राहिलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर चांगलं काम करते, पण पैसा खर्च होऊन गेल्यावर. विदर्भातल्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. इतका पैसा गेल्यावर आता मागे कसं फिरायचं, हा प्रश्न मग प्रत्येक वेळी पुढच्या निधीचं कारण होतो. शुल्ट्झ यांची पद्धत इथे लावायला काय हरकत आहे? झालेलं बाजूला ठेवून उरलेल्या कामाचा हिशेब प्रत्येक मोठ्या प्रकल्पासाठी सभागृहापुढे ठेवला, तर आमदारांना विचारायला प्रश्न मिळतील.

आणि कायदा वेळेवर कामाला लागला तर काय होतं, हेही आपल्याच राज्यात दिसतं. नागपूरहून उत्तरेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला, भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट ठेवली. त्यातली एक तब्बल ७५० मीटरची आहे. खर्च वाढला, रस्ताही झाला, आणि त्या वाटांवरच्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ टिपले जातात.

स्नेल डार्टरचं पुढे काय झालं, असं अनेक जण विचारतात. तो वाचला. काही मासे आधीच दुसऱ्या नदीत सोडले होते, शिवाय इतर ओढ्यांत आणखी सापडले. २०२२ साली त्याचं नाव संरक्षित यादीतून निघालं. २०२५च्या सुरुवातीला काही शास्त्रज्ञांनी असंही मांडलं की ही वेगळी प्रजाती नव्हेच, दुसऱ्या एका माशाचाच तो एक गट आहे. त्यावर टेलिकोच्या बाजूचे लोक म्हणू लागले की बघा, सगळा खटाटोप व्यर्थ होता. प्रजातीचा वाद शास्त्रज्ञ सोडवतील. पण समितीपुढे जानेवारी १९७९ मध्ये जो खर्च आणि जो फायदा मांडला गेला, त्यातला एकही आकडा या माशाच्या वंशावळीवर अवलंबून नव्हता.